म्हापसा सोडून सावंतवाडी की बांदा? नोकरी कोलवाळला, हिशेब जुळतोय का बघायचंय

कांदळवन

नमस्कार मंडळी. आम्ही मूळ पेडणे तालुक्यातले, राहायला म्हापशात भाड्याने. नोकरी कोलवाळच्या औद्योगिक वसाहतीत, जनरल शिफ्ट, रविवारी सुट्टी. 2 बीएचकेचं भाडं 18,000 आहे, मालक आता 21,000 मागतोय. सावंतवाडीत तेवढीच जागा 9,000 ला सांगतात, बांद्यात 7,000 ला. घरात आम्ही दोघं, 72 वर्षांची आई (बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात हृदयाचे उपचार चालू), मुलगी आठवीत आणि मुलगा तिसरीत. दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात, गोवा बोर्डाच्या शाळेत. एक मोटरसायकल, एक पेट्रोल कार, दोन्ही जीए-03 (म्हापशाची नोंदणी). वीज महिन्याला अंदाजे 250 युनिट.

महाराष्ट्रात राहून गोव्यात नोकरी करणारे पुष्कळ आहेत हे माहीत आहे. भाड्यात वाचतील ते पैसे दुसरीकडून जातात का, आणि कागदपत्रांत काय अडतं, एवढं नेमकं सांगा.

---

दप्तर_बांधणारा

आधी पैसे.

कोलवाळ ते सावंतवाडी एकेरी 37-38 किलोमीटर धरा, म्हणजे रोजचे 75 आणि 25 दिवसांचे 1,875. मोटरसायकल लिटरला 45 देत असेल तर 42 लिटर. पेट्रोल 97 रुपये धरलं तर 4,070 च्या आसपास. सध्या म्हापशाहून तुमचं महिन्याचं फिरणं 400 किलोमीटरचं, खर्च साडेआठशे-नऊशे. म्हणजे निव्वळ वाढ 3,200. त्यावर टायर, चेन, ऑईल, ब्रेक शू यांना किलोमीटरमागे रुपया धरा, आणखी पंधराशे गेले. 9,000 वाचणार होते त्यातले 4,300 उरले.

बांद्याहून अंतर एकेरी 25 किलोमीटर. तोच हिशेब मांडला तर वाढ 2,700 ची, भाड्यात वाचतात 11,000. उरतात सव्वाआठ हजार. म्हणून रोज गोव्यात जाणाऱ्याने सावंतवाडीपेक्षा बांदा बघावं, असं माझं मत.

हे सगळं मोटरसायकलवर. जून ते सप्टेंबर कार काढणार असाल तर लिटरला 15 च्या हिशेबाने सावंतवाडीहून महिन्याला 125 लिटर, म्हणजे 12,000 च्या वर. त्या चार महिन्यांत भाड्यातली बचत पूर्ण जाऊन वर पदरचे घालावे लागतील. कंपनीची बस पत्रादेवीपर्यंत (गोव्याच्या हद्दीवरचा नाका) येते का ते आधी विचारा, बाकी सगळं नंतर.

पेट्रोल गोव्यात सिंधुदुर्गापेक्षा सात-आठ रुपयांनी स्वस्त पडतं. तुमचा रस्ताच तिकडून आहे, तेव्हा घरी परतताना पत्रादेवीच्या आत टाकी भरायची. तो फायदा सुटत नाही.

वीज मात्र सुटते. गोव्यात वीज खातं सरकारी आहे आणि घरगुती दर कमी आहेत. महावितरणचा पहिला टप्पा 100 युनिटचा, त्यापुढच्या युनिटचा दर पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून जास्त. वर 16 टक्के वीज शुल्क. 250 युनिटच्या घराला महिन्याला हजारावर जास्त मोजावे लागतात. गिझर आणि एसी यांच्यावर नजर ठेवा, कारण 300 युनिट ओलांडले की आणखी वरचा टप्पा लागतो.

व्यवसाय कराची भीती कोणी घालेल. महाराष्ट्रात नोकरदाराला तो वर्षाला 2,500 पर्यंत लागतो, गोव्यात नाही. पण तो नोकरीच्या जागेवर ठरतो, राहत्या घरावर नाही. पगार कोलवाळला होतो तोवर तुमच्या पावतीत काही बदलत नाही. वहिनींनी उद्या सावंतवाडीत नोकरी धरली तर त्यांना लागू होईल. बायकांना महिना 25,000 पगारापर्यंत माफ आहे.

किराणा आणि मासळीत फरक शोधत बसू नका. भाजी दोन्हीकडे बेळगावहूनच येते. फक्त गोवा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीत भाजी मिळते ती सावंतवाडी-बांद्याकडे नाही.

आणि वहिनींना गृह आधारचे (गोवा सरकारची गृहिणींसाठीची योजना) महिना 1,500 मिळत असतील तर ते गोव्यातल्या रहिवाशांसाठी आहेत, मुक्काम हलवला की बंद करायला हवेत. त्याच्या बदल्यात लाडकी बहीण धरून हिशेब करू नका. तिची अर्ज करायची मुदत ऑक्टोबर 2024 मध्येच संपली.

---

चिऱ्याचं_घर

बांद्यात घर बघतास तर आधी पुराचा पाणी खंयपर्यंत येता ता इचारून घेवा. मालकाक नको, शेजारच्या दुकानदाराक इचारा.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. तेरेखोल नदीचं पाणी मुसळधार पावसात बांद्याच्या बाजारात आणि आळवाडीत शिरतं. 7,000 ची जागा तळमजल्यावर आणि नदीच्या अंगाला असेल तर ती स्वस्त का आहे हे तिथेच कळलं. भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा बघा. गिलावा फुगलेला, रंगाचे पापुद्रे निघालेले, आणि वीजमीटर किंवा प्लगचे बोर्ड नेहमीपेक्षा उंच बसवलेले असतील तर पाणी येऊन गेलंय. नवीन रंग लावलेला असेल तर कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा, तिथे कोणी रंग मारत नाही.

पहिला मजला मिळाला तर उत्तम, पण वर स्लॅब असेल तर पत्र्याची शेड आहे का बघा. नुसत्या स्लॅबवर आपल्याकडचा तीन हजार मिलिमीटरच्या वरचा पाऊस झिरपतोच. कौलारू घर असेल तर कौलं कधी परतली आणि कोनवाशाला (कोपऱ्यातल्या तिरक्या वाशाला) वाळवी आहे का ते पाहा. चिऱ्याच्या उघड्या भिंती पश्चिमेला असतील तर पावसाळ्यात आतून ओल येते, कपड्यांच्या कपाटाला आणि चामड्याच्या वस्तूंना बुरशी लागते. ती बाजू झापांनी किंवा पत्र्याने झाकलेली असली पाहिजे.

पाणी: नळ किती वेळ येतो हे सगळे विचारतात, विहिरीबद्दल कोणी विचारत नाही. विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं ते विचारा. सड्यावरच्या विहिरी एप्रिलमध्येच तळ गाठतात. खाडीच्या बाजूला (आरोंदा, सातार्डा) घर बघितलंत तर मे महिन्यात पाणी मचूळ होतं का तेही.

जूनच्या पहिल्या वादळी पावसात झाड तारेवर पडून वीज जाते, हे म्हापशातही होतं, पण गावातल्या फिडरवर परत यायला जास्त वेळ लागतो. इन्व्हर्टर धरूनच चाला. 150 एएचची एक बॅटरी दोन पंखे, चार दिवे आणि वायफायला रात्रभर पुरते.

काजूच्या बागेला लागून घर असेल तर आणखी एक. बांदा-दोडामार्ग पट्ट्यात 2016-17 पासून माकडतापाचे (गोचिडीतून होणारा ताप) रुग्ण सापडलेत. जानेवारी ते मे गोचिडीचा हंगाम. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचं, आणि मुलांना बागेतल्या पाल्यापाचोळ्यात खेळू द्यायचं नाही.

---

खडू_फळा

वरचं सगळं खरं आहे, पण तुमच्या बाबतीत भाडं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न मुलीची आठवी.

महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी आणि वर अधिवास प्रमाणपत्र हवं. अधिवासासाठी सर्वसाधारणपणे 15 वर्षांचं वास्तव्य लागतं. मुलगी आता आली तर नीटच्या वेळी तिची चार-पाच वर्षं भरतील. दहावी-बारावी महाराष्ट्रातली असूनही ती अडकेल. तिकडे गोव्यातही वास्तव्याची सलग वर्षं मोजतात, ती तुम्ही बाहेर पडलात तेव्हाच तुटली. म्हणजे दोन्ही राज्यांच्या यादीतून बाहेर, आणि हातात सरकारी महाविद्यालयांतल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा. ओरोसला (सिंधुदुर्गचं जिल्हा ठिकाण) आणि रत्नागिरीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत म्हणून पुष्कळ पालक या भरवशावर येतात. कॉलेज जवळ आलं म्हणून पात्रता येत नाही.

अभियांत्रिकीचे नियम वैद्यकीयपेक्षा सैल आहेत, पालकांपैकी एकाचं महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असलं तरी चालतं. वहिनींचं माहेर सिंधुदुर्गात असेल तर त्यांचे जन्माचे आणि शाळेचे दाखले आत्ताच काढून ठेवा.

मुलीला डॉक्टर व्हायचं नसेल तर हा परिच्छेद विसरा. पण आठवीत हे कोणाला ठरवता येतं?

जातीचा दाखला असेल तर तो मूळ राज्यातच चालतो. गोव्याच्या मामलेदार किंवा उपजिल्हाधिकारी कार्यालयाचा ओबीसी दाखला घेऊन महाराष्ट्रात आरक्षण मिळत नाही, जात दोन्ही यादींत असली तरी. काही जातींचा तर प्रवर्गच बदलतो: कुणबी गोव्यात 2003 पासून अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात ओबीसीत. महाराष्ट्रात मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क 2024 पासून माफ आहे ते ऐकून कोणी सल्ला दिला असेल. ते 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या, राज्याच्याच प्रवर्गातल्या मुलींसाठी आहे. तुमच्या मुलीला ते आपोआप लागू होणार नाही.

आता शाळा बदलण्याची रीत. गोव्यात 2025 पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, महाराष्ट्रात जूनच्या मध्याला. तुमच्या दिशेने हे सोयीचं आहे: मार्चअखेर आठवीचा निकाल, मग जूनपर्यंत वेळ. पण जूनमध्ये इकडचा प्रवेश फिसकटला तर गोव्यात परतताना दोन महिने मागे. म्हणून आधी सावंतवाडीच्या शाळेकडून प्रवेश देत असल्याचं लेखी पत्र घ्या आणि मगच शाळा सोडल्याचा दाखला मागा. दुसऱ्या राज्यात जाताना त्या दाखल्यावर शिक्षण खात्याची प्रतिस्वाक्षरी लागते, ती मुख्याध्यापकांच्या सहीने भागत नाही. यूडायसवरचा (शाळांच्या सरकारी पोर्टलवरचा) मुलीचा पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा क्रमांक, दाखल्यावर आहे ना ते बघा, आणि जुन्या शाळेने पोर्टलवर तिला सोडलं का ते विचारा. तिथे नाव अडकलं की नवी शाळा तिला पटावर घेऊ शकत नाही, आणि दोन्ही शाळा एकमेकांकडे बोट दाखवतात.

नववीत आणणं हीच शेवटची बरी वेळ. नववी गोव्यात आणि दहावी इकडे हे टाळा. पुस्तकं वेगळी, मूल्यमापन वेगळं, आणि कोकण मंडळाकडून वेगळी परवानगी. भाषेचंही बघा: महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. मुलीने कोंकणी घेतली असेल तर बोलायला अडणार नाही, पण व्याकरण आणि निबंध मे महिन्यात गिरवून घ्यावे लागतील. तिसरीतल्या मुलाचं काहीच अडत नाही. त्याला कधीही हलवा.

---

कांदळवन

खडू_फळा, धन्यवाद, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मुलीचा कल जीवशास्त्राकडेच आहे, तेव्हा तिची बारावी होईपर्यंत गोव्याचा पत्ता सोडू नये असं वाटायला लागलंय. मग प्रश्न असा: कोलवाळ-पेडणे बाजूला गावात भाडं कमी पडेल का? आणि समजा गेलोच, तर आईचे उपचार आणि गाड्यांचं काय?

---

दप्तर_बांधणारा

पेडणे शहर, धारगळ, तुये ही नावं बघा, पण मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून तिथली भाडी चढली आहेत. विमानतळाच्या रस्त्यापासून जितके आत जाल तितकं बरं. अस्नोडा, डिचोलीकडची गावंही कोलवाळला जमण्यासारखी आहेत. 12-13 हजारांत जागा मिळाली तर 37 किलोमीटरच्या फेऱ्यांपेक्षा तेच परवडेल, वरच्या आकड्यांत घालून बघा. शिवाय गॅसची अनामत, नवा करार, गाड्यांची नोंदणी, काहीच नाही.

एक मात्र सांगतो. पत्ता गोव्याचा ठेवून राहायचं बांद्यात, हा मार्ग लोक सुचवतील. करू नका. वास्तव्याचा दाखला खोटा ठरला तर त्यावर मिळालेला प्रवेश जातो.

---

सातार्डा_नाका

आईंचं आधी. बांबोळीला 2018 पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घेतात. तुमचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड (तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख) पाच वर्षांच्या गोव्यातल्या वास्तव्यावर आहे. हद्द ओलांडलीत की त्याचा आधार जातो. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेत 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि जुलै 2024 पासून ते सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू आहे, पण त्यासाठी महाराष्ट्राचं रेशनकार्ड हवं. म्हणजे गोव्याच्या कार्डातून नावं कमी करून तो दाखला घेऊन तहसील कार्यालयात नवीन कार्ड. या मधल्या काळात आई कुठल्याच राज्याच्या योजनेत नसतील. तो काळ भरून काढायला 70 वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आत्ताच काढा. आधारवर निघतं, उत्पन्नाची अट नाही, 5 लाखांपर्यंत, आणि योजनेतल्या कुठल्याही राज्यातल्या रुग्णालयात चालतं. ज्या रुग्णालयात जाणार ते यादीत आहे का एवढं बघून ठेवा.

सावंतवाडीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण हृदयाचं गंभीर काही झालं की गाडी बांबोळीलाच निघते. मध्यरात्री त्या रस्त्याला किती वेळ लागतो हे घर ठरवण्याआधी एकदा गाडी नेऊन बघा, आणि ते पावसात बघा.

गाड्या. दुसऱ्या राज्यातली गाडी 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवीन क्रमांक घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 47. त्याआधी केवळ जीए क्रमांक आहे म्हणून कोणी दंड करू शकत नाही, फक्त केव्हा आलात याचा पुरावा (घराचा करार) गाडीत ठेवा. कारवर कर्ज असेल तर आधी बँकेचं ना-हरकत पत्र. मग म्हापशाच्या आरटीओ कार्यालयात ना-हरकतीच्या अर्जाच्या, म्हणजे नमुना 28 च्या, प्रती, त्यावर चासिस क्रमांकाची पेन्सिलने घेतलेली छाप. ही छाप पुसट आली की अर्ज परत येतो, म्हणून पट्टी आधी चिंधीने आणि थोड्या रॉकेलने साफ करा. विमा, पीयूसी चालू हवेत आणि प्रलंबित चलनं भरलेली हवीत, दोन्ही राज्यांतली. ना-हरकत मिळाली की ओरोसला एमएच-07 च्या कार्यालयात नमुना 27 (नवीन क्रमांकाचा अर्ज), गाडी दाखवणं, आणि गाडीच्या वयानुसार घटवलेल्या किमतीवर महाराष्ट्राचा कर. महाराष्ट्राचे दर चढे आहेत: 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल कारला 11 टक्के, त्यावर वयाची घट. गोव्याने घेतलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण नवीन नोंदणी झाल्यानंतरच. म्हणजे आधी पैसे घालायचे आणि मग वाट बघायची. परताव्याचा अर्ज लोक कंटाळून सोडून देतात. मूळ कराची पावती जपली असेल तर सोडू नका.

भाडेकराराबद्दल कोणी लिहिलं नाही. गोव्यात 11 महिन्यांचा नोटरी केलेला कागद चालून जातो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. 9,000 भाडं, 11 महिने, 30,000 अनामत धरली तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्याने तीनशेच्या आत-बाहेर, नोंदणी शुल्क नगरपरिषद हद्दीत 1,000 आणि ग्रामपंचायतीत 500. रक्कम किरकोळ आहे, पण काही मालक नोंदणीला नको म्हणतात. अशी जागा घेऊ नका, कारण गॅस, रेशनकार्ड आणि गाडीची नोंदणी, तिन्ही त्याच कागदावर अडतात. गॅसचं म्हणाल तर जुनं कनेक्शन सरेंडर करताना अनामत जुन्या दराने परत मिळते आणि नवीन 14.2 किलोच्या सिलिंडरला 2,200 भरावी लागते. रेग्युलेटरचे 250 वेगळे.

सामान नेताना टेम्पो बघून घ्या. एकूण वजन क्षमता 3,000 किलोच्या आतली छोटी गाडी असेल तर तिला परमिट लागत नाही. त्यापेक्षा मोठी घेतलीत आणि तिचं परमिट फक्त गोव्याचं असलं तर पत्रादेवी ओलांडल्यावर दंड होतो आणि ड्रायव्हर तो तुमच्याकडून मागतो. घरगुती वापरलेल्या सामानाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद) लागत नाही. साध्या कागदावर सामानाची यादी, दोन्ही पत्ते आणि सही एवढं पुरतं. दारूची एकही बाटली टाकू नका, स्वयंपाकघराच्या खोक्यात विसरलेली फेणीसुद्धा नको. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर राज्य उत्पादन शुल्कवाले खोकी उघडतात, आणि परवान्याशिवायचा माल सापडला तर बाटलीसोबत टेम्पोही जप्त होतो, मग त्यात तुमचं अख्खं घर भरलेलं असलं तरी. यादी ड्रायव्हरच्या हातात द्या, मागून येणाऱ्या तुमच्या कारमध्ये नको. टेम्पो आधी पोचतो आणि कागद त्याच्याकडेच मागतात.